केळं नको

बारावीची परीक्षा झाली होती आणि निकालाला अजून अवकाश होता. दिवसभर कूलरसमोर लोळणाऱ्या मला बघून आई वैतागली. तिची एक मैत्रीण सिडकोत दिव्यांग मुलांची शाळा चालवायची. सुट्टीतही तिथं सकाळचा वर्ग भरायचा. "जा, तिला जरा हातभार लाव," आई म्हणाली. मी गेले ती केवळ घरातली कटकट चुकवायला. सेवा वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं.

शाळा म्हणजे एका घराचा तळमजला. आईच्या मैत्रिणीनं, म्हणजे बाईंनी, पहिल्याच दिवशी मला एका मुलीच्या शेजारी बसवलं. मुलगी दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठ झालेले. बोलता येत नव्हतं. मान एका बाजूला कलायची आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची. खोटं कशाला सांगू, मला तिची भीती वाटली. तिला हात लावला तर काहीतरी मोडेल, असं वाटत होतं.

तिची आई वाळूजहून तिला रिक्षानं घेऊन यायची. माहेर-सासर दोन्ही लासूर स्टेशनकडचं. नवरा एका कंपनीत शिफ्टला जायचा. तिनं मला डबा उघडून दाखवला.

"दीदी, ह्यात केळं कुस्करलेलं हाय. बारीक चमच्यानं द्या, गिळल्याबिगर दुसरा घास देऊ नका. लई आवडतं तिला. बघा, केळं दिसलं की कशी हसती!"

खरंच, डबा उघडला की पोरीचे ओठ दोन्हीकडं ताणले जायचे. हनुवटीला हात लावून, मान सरळ धरून मी रोज तिला केळं भरवू लागले. अर्धं पोटात, अर्धं माझ्या ओढणीवर. हळूहळू भीती गेली. मी तिच्याशी गप्पा मारायला लागले. कॉलेज, मैत्रिणी, आमच्याकडं नळाला किती दिवसांनी पाणी आलं, काहीही. ती टक लावून ऐकायची.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "तू एकटीच किती बोलतेस! तिलाही बोलू दे. तिचे हात तिच्या ताब्यात नाहीत, डोळे आहेत." मग त्यांनी दाखवलं. दोन मुठी तिच्यासमोर धरायच्या. ही मूठ 'हो', ही 'नाही'. प्रश्न विचारायचा आणि ती कुठं बघते ते पाहायचं.

बरेच दिवस ती कुठंही बघायची. छताकडं, पंख्याकडं, माझ्या कानातल्यांकडं. मी चिकाटी सोडली नाही, कारण दुसरं काही कामही नव्हतं. मग एका सकाळी डबा उघडता उघडता मी सहज मुठी पुढं केल्या.

"केळं देऊ?"

तिनं 'नाही'कडं बघितलं. मला वाटलं, चुकून. मी मुठींची अदलाबदल केली. "आता ही 'हो', ही 'नाही'. केळं हवं?"

पुन्हा 'नाही'.

"आज नको, की रोजच नको? आज म्हणजे इकडं, रोज म्हणजे इकडं."

तिनं 'रोज'कडं रोखून बघितलं. मी बाईंना हाक मारली. त्यांनी विचारलं, तेच उत्तर. म्हणजे ओठ ताणले जायचे ते हसू नव्हतंच. तोंड वाकडं करत होती बिचारी! मला हसू फुटलं, आणि ती पण हसली. तिचं खरं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळं अंग ताठ करून, घशातून खर्जात येणारं.

दुपारी तिची आई तिला न्यायला आली. तिचा विश्वास बसेना. "नाय हो दीदी, तुमीच कायतरी शिकवलं असंल."

"मग तुम्ही विचारा ना."

तिनं लाजत मुठी धरल्या, विचारलं, आणि मटकन खाली फरशीवर बसली. "आगं बये! इतकी वर्सं कोंबलं गं मी तुला केळं!" पदर तोंडाला लावून ती रडत होती की हसत होती, कळेना. मग डोळे पुसून तिनं लगेच पुढचा प्रश्न केला. "मी तुझ्यावर वरडते, त्याचा राग येतो का?"

'हो.'

"येऊ दे. मी वरडणारच."

त्यानंतर त्या घरात प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. हा फ्रॉक की तो, पंखा हवा की नको, आत्या आवडते का. आत्याबद्दलचं उत्तर आईनं मला कानात सांगितलं. कंपनीला सुट्टी होती त्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. फार कमी बोलणारा माणूस. लेकीसमोर उकिडवं बसून त्यांनी विचारलं, "गाडीवर चक्कर मारायची?" आईनं आधीच "नाय, नाय" सुरू केलं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. लेकीचे डोळे 'हो'वरून हलेनात. शेवटी माझ्या ओढणीनं तिला वडिलांच्या पाठीशी बांधलं, आई तिला घट्ट धरून मागं बसली आणि गाडी अगदी हळू निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत पोरीचं आनंदानं ओरडणं ऐकू येत होतं. बाई फाटकात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

निकाल लागला, कॉलेज सुरू झालं, पण शनिवारी मी जात राहिले. अजूनही जाते, फक्त आता शाळेत नाही, त्यांच्या घरी. ती आता चांगली तरुण मुलगी झाली आहे आणि भलतीच चोखंदळ. परवा तिच्या चुलतबहिणीच्या लग्नासाठी आम्ही बांगड्या भरायला गेलो. दुकानदारानं आईला विचारलं, "हिला कोणत्या भरू?"

"तिला डोळं हायेत की, तिलाच इचारा."

तो बिचारा गोंधळला, मग एकेक डझन तिच्यासमोर धरत गेला. हिरव्या नको, लाल नको, सोनेरी कडांच्या तर अजिबात नको. शेवटी जांभळ्यांवर नजर थांबली. तिची बोटं सैल व्हायला वेळ लागतो, म्हणून तिचा हात माझ्या हातात धरून मी चोळत बसले आणि तो एकेक बांगडी चढवत गेला. सगळ्या भरून झाल्यावर मीही हात पुढं केला. माझ्यासाठीही तिनं जांभळ्याच निवडल्या.