महादेवी अक्कांच्या खोल्या

महादेवी अक्का कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरून तळहात फिरवत आणि मग तो तळहात उजेडात धरून बघत. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे त्यांचं हेच चाले. माझ्या वास्तुशांतीलाही त्यांनी तेच केलं. लातुरात माझं रंगाचं दुकान आहे. घर नवं, रंग माझ्याच दुकानातला आणि तोही महागातला. अक्कांनी तळहात पाहिला, पदराला पुसला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "भिंत पांढरं सोडून राहिली बाई. पण घर चांगलं हाय." हे अख्ख्या पंगतीने ऐकलं. पाहुणे गेल्यावर मी गुपचूप एकेका भिंतीवर हात फिरवून पाहिला. त्यांचं खरं होतं.

अक्का मूळच्या उदगीरच्या. यजमानांची तिथे मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती. ते गेल्यावर आडत दिराच्या हवाली करून त्या लातूरला आल्या आणि शिकवण्यांच्या भागात इमारत बांधून मुलींना खोल्या भाड्याने देऊ लागल्या. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली गावोगावहून येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात आणि उन्हाळ्यात निकाल लागला की पेट्या उचलतात. मग एका सकाळी मी शटर उघडायला जावं, तर कपाळाला विभूती लावलेल्या अक्का पायरीवर बसलेल्या असायच्या.

"शेटजी, रंग कसा दिसतो ते सांगू नका. कसा पुसतो ते सांगा."

भाड्याच्या खोलीला कोणता रंग, यावर त्यांचा अभ्यास झाला होता. चुना त्यांनी पहिल्याच वर्षी बाद केला, कारण मुली पाठ टेकून वाचतात आणि पांढरी पाठ घेऊन क्लासला जातात. डिस्टेंपर ओल्या फडक्याला टिकत नाही. मॅट प्लास्टिक पेंट दिसायला साजरा, पण खाटेशेजारी मुलींच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडतो. "ती भिंत तेल पिती, अन् प्यालेलं परत देत न्हाई." चकचकीत ऑइल पेंट पुसायला उत्तम, पण ट्यूब लावली की डोळ्यावर येतो आणि गवंड्याची सगळी पापं उघडी पडतात. मी मधला मार्ग म्हणून सॅटिन सुचवलं. अक्कांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "सांगून राहिले का इकून राहिले?"

शेवटी ठरलं ते असं, की बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत ऑइल पेंट आणि त्याच्या वर डिस्टेंपर. ही हद्द काढायला त्यांनी मला खाटेवर भिंतीला टेकून बसवलं आणि डोक्यावर पेन्सिलने रेघ मारली. मी उंच आहे, त्यामुळे दर खोलीला ऑइल पेंट वीतभर जास्तच लागला. ग्राहकाने दुकानदाराला मापाला धरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुसरा नियम असा होता, की निकाल लागला की आठवड्याच्या आत सगळ्या खोल्या एकाच फिक्या बदामी रंगात आणि एकाच पद्धतीने रंगवून काढायच्या. खोली स्वच्छ असली तरी. याचं कारण बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे एखाद्या मुलीला मेडिकलला जागा मिळाली की तिची खोली 'गुणाची' ठरते. पुढचे पालक तीच खोली मागतात, आणि रंग देऊ नका म्हणून हात जोडतात, कारण भिंतीवर तिने पेन्सिलने सूत्रं लिहिलेली असतात. आमच्या गल्लीतल्या एका मालकाने तर तेवढ्या भिंतीवर काच बसवून घेतली आणि भाडं वाढवलं. गुणाच्या खोलीला रांग लागते, आणि जिथली मुलगी नापास झाली त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही.

अक्का मात्र कोणती मुलगी कोणत्या खोलीत होती हे कधीच सांगत नसत. पालक खोदून विचारत. अक्का म्हणत, "भिंत परीक्षेला बसली न्हाई."

हा न सांगण्याचा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तेव्हा मी तिथे हजर होतो. मुदखेडच्या पल्लवीला त्या वर्षी फार कमी गुण पडले होते. तिचे वडील गणपतराव रेल्वेत होते. तिला न्यायला आले ते पडेल चेहऱ्यानेच. घरात त्यांच्या थोरल्या भावाचा शब्द चालायचा, आणि भावाचं म्हणणं होतं की शिकवणं पुरे, आता स्थळ बघा. त्याने फक्त एक फट ठेवली होती. गेल्या वर्षी याच इमारतीतल्या एका मुलीला मेडिकल मिळालं होतं. तिची खोली मिळणार असेल तर अजून एक वर्ष, नाहीतर सामान उचला.

"कोणती खोली ती, अक्का?" गणपतरावांनी विचारलं. पल्लवी जिन्याशी उभी होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

रंग कालच वाळला होता. अक्का किल्ल्या घेऊन वर गेल्या आणि एक दार उघडून म्हणाल्या, "ही बघा. हीच ती."

ती पल्लवीचीच खोली होती. मला माहीत होतं, कारण तिथला ओलीचा डाग झाकायला मी स्वतः प्रायमर पाठवला होता. पल्लवीला तर माहीत होतंच. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. गणपतराव आत गेले, खिडकीशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "खोलीत वेगळंच वाटून राहिलंय." अक्कांनी मान डोलावली. मी भिंतीकडे बघत राहिलो. रंग खरंच छान बसला होता.

पुढच्या निकालालाही पल्लवीचं मेडिकल हुकलं. पण नांदेडला नर्सिंगला सहज प्रवेश मिळेल एवढे गुण होते. तिला तो हवा होता. गणपतराव पेटी न्यायला वर खोलीत आले तेव्हा मी आणि अक्का तिथे माप घेत होतो.

"दादा म्हणतो, एवढी गुणाची खोली मिळून पोरगी कमी पडली," ते म्हणाले. "म्हणतो, तिच्यातच न्हाई. आता नर्सिंगबी नको."

अक्का खाटेवर बसल्या. इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ही तिचीच जुनी खोली हाय."

"माहीत हाय की."

"कसं?"

"पहिल्या वर्षी पेटी मीच वर आणली होती. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतंय, त्याला एक पतंग अडकलेला होता. दुसऱ्या खेपेलाबी तोच पतंग." गणपतराव ओशाळून हसले. "घरी सांगायला कायतरी पाहिजे होतं, अक्का. तुम्ही दिलं, मी घेतलं."

मी आणि अक्कांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंती सारख्या केल्या की खोली ओळखू येत नाही, अशी आमची दोघांची पक्की समजूत होती. खिडकीतून बाहेर बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

"मग आता दादाला काय सांगू?" गणपतरावांनी विचारलं.

अक्का खाटेवरून उठल्या. "सांगा, लातूरच्या बाईनं फसवलं. गुणाची म्हणून नापास पोरीची खोली गळ्यात मारली. पोरीत काय कमी न्हाई, तिचं वरीस मी खाल्लं म्हणा. अन् नांदेडला घाला तिला, तिथं मी न्हाई."

दादाला हे पटलं. स्वतःच्या पुतणीपेक्षा परकी बाई वाईट निघालेली त्यालाही बरी वाटली असावी. पल्लवी नर्सिंगला गेली. दादाने मात्र ही हकिकत मुदखेड स्टेशनभर केली, तिथून ती गावोगाव गेली, आणि पुढल्या हंगामात अक्कांच्या निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या. मी चिडून म्हणालो, खरं काय ते चारचौघांत सांगा. अक्का म्हणाल्या, "अन् दादाच्या कानावर गेलं मंग? पोरीचं शिक्षण व्हायचं हाय अजून." त्या वर्षीही त्यांनी सगळ्या खोल्या रंगवल्या. इमारत पुन्हा पहिल्यासारखी कधी भरली नाही. त्यांना त्याचं दुःख होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "रिकामी खोली बघवत न्हाई, शेटजी," एवढंच म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून, फुलांनी सजवलं होतं. गर्दीत गणपतराव दिसले. पल्लवीला सुट्टी मिळाली नव्हती, नांदेडच्या दवाखान्यात तिची ड्युटी होती.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "आता तरी भावाला खरं सांगितलं का?"

"न्हाई. दादा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, लातूरच्या बाईनं आमचं वरीस खाल्लं."

"आणि तुम्ही?"

"मी 'हाव, हाव' म्हणून मान हालवतो," ते म्हणाले. "अक्कानीच सांगितलं होतं." आणि तो माणूस तोंडाला रुमाल लावून रडायला लागला.