उशिरा चंदेरी झालेला निळा

गेर्लिंडे टॉइबर्टनं आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले आणि उरलेल्या वेळात निळे ससे पाळले. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियात चंदेरी जातीचे ससे काळे, पिवळे, तपकिरी असे हवे तेवढे मिळतात. निळे, म्हणजे पाटीसारखे करडे, मात्र आसपासच्या गावांत एकट्या तिच्याकडे. ससेपालक मंडळाचा चिटणीस म्हणून मी तिच्याकडे बरेचदा जातो. कॉफी चांगली असते. कौतुक ऐकण्याची सोय नसते.

चंदेरी पिल्लू जन्मतः एकरंगी असतं. महिना-सव्वा महिन्यानं केसांची टोकं पांढरी होऊ लागतात, जणू कोणी वरून मीठ भुरभुरलंय. ते नाकापासून पंजांपर्यंत सारखं पडायला हवं. नाहीतर प्रदर्शनात परीक्षक नुसताच उसासा टाकतो. ज्याच्यावर मीठ पडायला उशीर होतो, त्याची रवानगी रविवारच्या पातेल्यात. या बाबतीत गेर्लिंडेइतकं निष्ठुर माणूस मी पाहिलेलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये साथ आली आणि तिचा एकुलता एक नर गेला. तीन म्हाताऱ्या होत चाललेल्या माद्या उरल्या. नर मिळाला नाही तर तिचा निळा रंग संपला, हे ती बोलली नाही. चर्च सुटल्यावर गप्पांना थांबायची, ते मात्र बंद झालं.

"काळा नर लाव," मी सुचवलं.

"म्हणजे पिल्लं सगळी काळी. काळेच पाळायचे असते, तर तुम्हा सगळ्यांसारखं सुखात आयुष्य गेलं नसतं का?"

ऑक्टोबरात मी तिच्या अंगणात असताना फोल्कमार टोपली घेऊन आला. हा आमच्या मंडळातला पिवळे ससेवाला. गेर्लिंडेच्या सशांना तो जाहीरपणे 'राखेच्या बादल्या' म्हणतो.

"उघड, चावत नाही. माझ्यावर गेलेला नाही."

आत निळा नर होता. कानाच्या टोकापर्यंत एकसारखा चंदेरी. गेर्लिंडेनं कान उलटून गोंदलेला क्रमांक पाहिला. क्रमांक तिच्याच हातचा.

"हा तर मी तुला मे महिन्यात पातेल्यासाठी दिला होता! एक पांढरा केस नव्हता अंगावर."

"आले नंतर. त्याला घाई नव्हती."

"मग खाल्ला का नाहीस?"

"दाढ दुखत होती."

"अख्खा उन्हाळा?"

"फार वाईट दाढ होती."

"आणि इतके दिवस बोलला नाहीस?"

"मी राखेची बादली जपतोय हे गावाला कळलं असतं, तर तोंड कुठे दाखवलं असतं, बाई?"

गेर्लिंडेनं केसांत फुंकर मारून रंग खोलवर पाहिला, दात पाहिले, नखं पाहिली. खोट सापडेना. मग म्हणाली, "आत ये. आलुबुखारचा केक आहे." फोल्कमारनं आधी बूट पुसले, हे मी प्रथमच पाहिलं.

फेब्रुवारीत पिल्लं झाली, सगळी निळी. मंडळाच्या वार्षिक सभेत 'इतर विषय' आल्यावर गेर्लिंडे उभी राहिली.

"एका पिल्लाच्या बाबतीत मी चुकले. फोल्कमार चुकला नाही. त्याचे आभार."

आणि बसली. फोल्कमार बियरच्या फेसाकडे बघत राहिला. टाळ्या जरा उशिरा पडल्या, कारण ती पुढे काहीतरी टोमणा मारील म्हणून आम्ही सगळे थांबलो होतो.