आर्व्हेलाचा सूर आणि ओझेलचा पाना

ओझेल टिलरी जेवायला बसला तरी टेबलाखाली त्याचे पाय चालूच असतात. टाचा खाली, चवडे वर, मधूनच गुडघा बाजूला. माझ्या थोरल्या बहिणीचा, आर्व्हेलाचा, हा नवरा. लग्नाआधी आई तिला म्हणाली होती, "पोरगा गुणी आहे, पण त्याला एका जागी खिळा मारून ठेवावा लागेल."

सगळा दोष त्या स्टीलचा. फ्लोरिडातल्या आमच्या चर्चमध्ये ऑर्गन आहे, ड्रम आहेत, पण प्रार्थनेला रंग चढतो तो स्टील गिटारवर. लांबट लाकडी पेटी चार पायांवर उभी, तिच्यावर तारा. खाली पावलांसाठी पेडल, गुडघ्यांसाठी दांडे. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, आणि पेडल किंवा दांडा दाबला की पेटीच्या पोटातल्या सळया तार खेचतात, सूर माणसासारखा कण्हत वर चढतो. दांडा कुठे अडेल आणि तार कुठल्या सुरावर थांबेल, हे पेटीच्या टोकाला असलेली छोटी बोंडं फिरवून ठरवायचं. त्यासाठी लागणारा पाना ओझेलच्या शर्टाच्या खिशात कायम. मयताला जातानासुद्धा.

एक पेडल जुळवलं की दुसरी तार उतरते, ती चढवली की पहिलं बिघडतं. थंडी पडली की सगळंच मुसळ केरात. तरी हा माणूस शनिवारी दिवसभर पेटीखाली उताणा. आम्ही त्याच्या तोंडापेक्षा त्याचे बूटच जास्त ओळखतो.

उजव्या गुडघ्याच्या एका दांड्याला मात्र तो वर्षानुवर्षं पाना लावत नसे. तो दांडा आर्व्हेलाचा. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मदर म्हणतो. मदर आर्व्हेला पुढच्या बाकावरून संथ गाणं सुरू करायची आणि एका ठिकाणी असा सूर लावायची की जो ऑर्गनच्या कुठल्याच पट्टीत सापडत नाही. ओझेलनं दांडा बरोबर त्या सुरावर अडवला होता. ऑर्गन वाजवणारी रोशेल कुरकुरायची, "ब्रदर ओझेल, तुमचा तो एक सूर माझ्या ऑर्गनला चावतो हो." ओझेल म्हणायचा, "सिस्टर, मी लग्न ऑर्गनशी नाही केलं."

मग आर्व्हेलाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, 'बरं'. कॉफी हवी, बरं. कॉफी नको, तेही बरंच. भुवयांवरून ओळखायचं. ती दवाखान्यात असताना प्रार्थनेत तो दांडा दाबला की सूर यायचा आणि त्यावर गाणारं कोणी नसायचं. ओझेलला ते सोसवेना. एके दिवशी त्यानं बोंड फिरवलं आणि दांडा ऑर्गनशी जुळवून टाकला. आधी कुठे होता त्याची खूणसुद्धा केली नाही. रोशेल खूश झाली.

आणि मग ती घरी आल्यावर बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, शब्द गेलेल्या माणसाला कधीकधी गाणं येतं. झालं. ओझेलच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. आर्व्हेला चर्चला येईल त्या पहिल्या रविवारी तिचा सूर जागेवर असला पाहिजे. तो सापडला तर ती गाईल. नाही सापडला तर कायमची गप्प होईल, आणि ते आपल्या हातून होईल, अशी त्याची ठाम समजूत.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भाजीसाठी कोलार्डची पानं धूत होते. आर्व्हेला आत झोपली होती. पोर्चमधून तोच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

"ड्रुसिला, हे कसं वाटतं?"

"मघासारखंच."

"आणि हे?"

"ओझेल, आता मलाच झटका येईल."

"तू गा ना ती ओळ. सख्खी बहीण आहेस."

"मी गायले तर शेजारचे कुत्रे सोडतील."

चर्चच्या कॅसेट होत्या त्याच्याकडे, पण त्या ट्रकमध्ये उन्हात राहून वाकल्या होत्या. त्यांतून आर्व्हेला विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू यायची. तो बोंड जरासं फिरवायचा, गुडघा दाबायचा, मान हलवायचा, परत पेटीखाली. "हरवला," तो म्हणाला. "मी तिचा सूर फेकून दिला, ड्रुसिला."

मला त्याची कीव यायला हवी होती. पण आला राग. मी पोर्चमध्ये आले आणि माझं तोंड सुटलं.

"कसला तिचा सूर? तिचा सूर दर रविवारी वेगळा असायचा. तू दांडा ठोकून बसलास, मग ती बिचारी तिथे येऊन थांबायला लागली. मला स्वतः म्हणाली होती, वाटाणे सोलताना. सर्दी असली की तिथवर चढताना घसा फाटतो म्हणाली. पण नाही गेले तर ओझेलला वाटेल त्याचंच चुकलं, आणि आठवडाभर पेटीखालून बाहेर येणार नाही."

ओझेल माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू खूश होतास म्हणून."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं, समजलं. पण जित्याची खोड. त्यानं पाना परत बोंडाला लावला. "मग आता कुठे अडवू?"

मी पाना काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. "मिळणार नाही," म्हटलं. रात्री जेवणाच्या वेळी त्यानं तो दोनदा मागितला.

रविवारी आर्व्हेलाची चाकांची खुर्ची आम्ही स्टीलच्या अगदी शेजारी लावली. पांढरा ड्रेस, पांढरी हॅट. बायका हातपंख्यानं वारा घेत होत्या आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं. ओझेलचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता.

त्यानं तिचंच गाणं धरलं. ती जागा आली तसा त्यानं दांडा शेवटपर्यंत दाबला. सूर ऑर्गनशी अगदी चोख बसला. आर्व्हेला समोर बघत राहिली. ओझेलच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्यांदाही तेच. पाना द्यायला हवा होता का, असं मला वाटलं, आणि माझीच मला लाज वाटली.

तिसऱ्यांदा तिच्या घशातून काहीतरी आलं. फाटकं, खरखरीत, आणि पूर्वीच्या जागेपासून कितीतरी खाली. तो सूर आम्ही कोणी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. रोशेलनं ऑर्गनवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

ओझेलनं गुडघा ढिला केला. दांड्याला मागे ढकलणारी स्प्रिंग असते. त्याला मध्येच धरायचं म्हणजे वाऱ्यानं लोटणारं दार गुडघ्यानं अर्धं उघडं धरायचं. तार खाली येत येत आर्व्हेलाच्या आवाजाला टेकली. ती हलली की तो हलायचा. तिचा श्वास संपला, तो थांबला, ती पुन्हा आली, तो तिथे हजर. शब्द एकही नव्हता. पंखे थांबले होते. मी रडत होते आणि डोळे पुसायचं मला सुचलं नाही.

ती गप्प झाल्यावरही ओझेलनं दांडा सोडला नाही. न जाणो, परत आली तर. पाय इतका थरथरत होता की पँटचं कापड फडफडताना दिसत होतं.

आर्व्हेलानं खाली पाहिलं. डावा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला.

"बरं," ती म्हणाली.

ओझेलनं गुडघा दांड्यावरून काढला आणि पास्टरचं प्रवचन संपेपर्यंत त्याचे पाय हलले नाहीत.