हाव, नाई आणि आमचे भाऊजी

माणसाच्या डोक्यात जितक्या खोल्या असतात, त्यांतल्या एकीचेही दार दुसरीत उघडता कामा नये, असे मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या ताईला नवरा म्हणून मिळाला. ऐंशीचे दशक सरत आले होते. चंद्रपूरच्या जंगलखात्याच्या ज्या कचेरीत मी मराठी पत्रव्यवहार पाहत असे आणि भाऊजी बेरजा तपासत, तिथे एक संगणक येऊन दाखल झाला. साधासुधा नव्हे, पडद्यावर चित्रे उमटवणारा, खिडक्या उघडणारा आणि साबणाच्या वडीएवढ्या माऊसने चालणारा. बाहेर कोळशाची धूळ झाडांच्या पानांवर काजळासारखी बसलेली असे, आणि आत वाळ्याच्या ओल्या पडद्यांच्या गंधात ते यंत्र नव्या जावयाच्या इतमामाने गारव्याला बसे. माणसे मात्र व्हरांड्यात भाजत. यंत्र शिकून घेण्याची हौस एकट्या भाऊजींना होती, म्हणून ते त्यांच्याकडे आले, आणि त्यावर त्यांनी जंगलाचा नकाशा रचायला घेतला: जंगलाच्या ज्या तुकड्यावर माऊस दाबावा, त्या तुकड्यातला बांबू पडद्याने दाखवावा आणि तोडायचा की राहू द्यायचा, हे अदबीने विचारावे.

इथवर सारे ठीक होते. पण यंत्राचा हा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिता लिहिता भाऊजींना एक तत्त्वज्ञान झाले, जसे इतरांना पित्त होते. इतर लोक बटण काढतात आणि त्या बटणाच्या पोटातच सगळी कामे लिहून ठेवतात, याचा त्यांना विलक्षण संताप येई. "बटनाच्या पोटात अख्खा संसार कोंबते हे लोक! मंग दाबलं का ते ओकते," असे ते घरी जेवताना, ऐन वरणभाताच्या वेळी, सांगत. त्यांच्या व्यवस्थेत पडद्याने फक्त दिसायचे आणि दाबले गेल्याची वर्दी द्यायची. विचार करणाऱ्या भागाने आत बसून विचार करायचा, पडद्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. आणि पडद्यावरचे शब्द तर दोघांपासूनही वेगळे, तिसऱ्याच ठिकाणी ठेवायचे. "शब्द म्हंजे कपडे," ते म्हणत. "आज हे घातले, उद्या ते. अंगाले शिवून नसते टाकाचे."

हे तत्त्वज्ञान यंत्रातच राहिले असते, तर ताईचे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. एकदा नागभीडहून आमचे मामा खांद्यावर तांदळाचे पोते घेऊन भर दुपारी दारात उभे राहिले. भाऊजींनी दार उघडले, त्यांना नीट न्याहाळले आणि आत वर्दी दिली, "कोनीतरी आलं."

"कोन हाय?" ताईने चुलीपाशी बसूनच विचारले.

"ते ठरवनं माह्याकडे नाई. मी दर्शनी भागात हावो."

"अहो, मामा तं नाई ना?"

"मामासारखं दिसून राह्यलं. मामा हाय का नाई, तू ठरव."

"जावईबापू," मामा बाहेरून म्हणाले, "तुमचं ठरेपर्यंत पोतं तरी खाली ठेवू का जी?"

वांग्याची भाजी कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात दुसऱ्या दिवशी मिळे; कारण चव घेणारी जीभ वेगळी आणि मत देणारा विभाग वेगळा. ताई म्हणे, "ह्या मानसाले राग आला तं मले पंधरवड्यानं समजते. तवर माहा राग विझून जाते." ती हे हसत सांगे, पण तव्यावरची भाकर त्या वेळी जरा जोरातच उलटे.

मग पुण्याहून एक साहेब येणार असल्याचे कळले. त्यांना कार्यक्रम पसंत पडला तर यंत्र चंद्रपुरात राहणार होते. नाहीतर नागपूरला जाणार होते, आणि भाऊजी पुन्हा बेरजांच्या टेबलाशी. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाला 'माझे' म्हणण्याजोगे काही प्रथमच लाभले होते. मराठी अक्षरे यंत्रात नव्हती. ती त्यांनी आलेखाच्या कागदावर ठिपका ठिपका मांडून घडवली. 'ळ'च्या वळणासाठी तर ते आठवडाभर झुरले, एखाद्या कोवळ्या कवीसारखे.

साहेब आले. पांढऱ्या सुती शर्टाला वाळ्याचा नव्हे, अत्तराचा वास होता. त्यांनी नकाशावर माऊस दाबला. पडद्याने विचारले, "या तुकड्यातला बांबू तोडायचा?" आणि खाली दोन सुबक बटणे उमटली: 'हाव' आणि 'नाई'.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बांबू तोडू का म्हणून मी विचारात पडलो, तर तुमचे यंत्र मला एकीकडे लोभ दाखवते आणि दुसरीकडे न्हावी. ही चेष्टा आहे का?"

"हाव जी," भाऊजी घाबरून म्हणाले. "म्हंजे नाई जी! चेष्टा नाई."

कचेरीत ती बटणे सर्वांनी रोज पाहिली होती, आणि मराठीची पदवी मिरवणाऱ्या त्यांच्या मेहुणीसकट, म्हणजे माझ्यासकट, एकालाही त्यांत वावगे दिसले नव्हते. पण भाऊजी लगेच सावरले. हाच तर त्यांच्या तत्त्वज्ञानाचा सोन्याचा क्षण! शब्द वेगळे ठेवलेले होते. "साहेब, चहा निवाच्या आत कपडे बदलतो," म्हणत त्यांनी शब्दांच्या कोठारात 'हाव'चे 'हो' केले, 'नाई'चे 'नाही' केले आणि विजयी मुद्रेने खुर्ची साहेबांपुढे सरकवली.

साहेबांनी 'हो' दाबले. पडदा म्हणाला, "बरं, राहू द्या."

पुन्हा दाबले. "बरं, राहू द्या."

"तुमचे यंत्र," साहेब उठत म्हणाले, "होकाराला नकार समजते." आणि त्यांची जीप धूळ उडवत निघूनही गेली.

चूक भाऊजींना संध्याकाळी सापडली. विचार करणाऱ्या भागाने पडद्याकडे चोरून पाहिले होते. उत्तर 'हाव' असेल तरच तोडा, नाहीतर राहू द्या, असे त्यांनी स्वतःच्याच हाताने तिथे लिहून ठेवले होते, आणि 'हो' हे काही 'हाव' नव्हते. जगातला शब्द न् शब्द उतरवून वेगळा ठेवणाऱ्या त्या माणसाला हा एवढा एक शब्द कपडा वाटलाच नव्हता. तो त्यांची कातडी होता. त्यांनी दुरुस्ती केली, नागपूरच्या कचेरीला फोनही लावला. पण हुकूम निघून गेला होता.

यंत्र न्यायला ट्रक आला, त्या सकाळी मोहाच्या फुलांचा जड, गोड वास हवेत लोंबत होता. मजुरांनी खोकी चढवली. माऊस मात्र भाऊजींनी कुणाच्या हाती दिला नाही. स्वतःच्या धुतल्या रुमालात गुंडाळून ते तो घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

"याले मांगं खोक्यात नको टाकू, भाऊ. तुह्या बाजूच्या सीटवर ठेव."

"काय हाय जी? काही खाचं हाय का?"

"नाई. दचके बसते त्याले."

ड्रायव्हरने रुमाल सीटवर ठेवला, मग काय वाटले कुणास ठाऊक, उचलून मांडीवर घेतला. ट्रक नागपूरच्या रस्त्याला लागला. भाऊजी धूळ खाली बसेपर्यंत उभे राहिले, आणि मी त्यांना, आयुष्यात प्रथमच, काहीही टोचून बोलले नाही.