अर्धा मारलेला संकासुर

जंतूंवर माझ्या भावोजींइतकी माया या जगात कोणी केली नसेल, आणि जंतूंनीही इतक्या इमानाने कोणाची परतफेड केली नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पिंगुळीकडचे, बाहुल्यांचे आणि चित्रकथींचे खेळ बघत वाढलेले. कॉलेजात आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तोंडवलीला अगदी माझ्या कुंपणाला लागून घर बांधलं. मी पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देते आणि जेवूखाऊ घालते. माझ्या धंद्याला एवढं जवळचं संकट दुसरं नाही.

आमच्याकडे माणूस भेटला की 'बरा मां?' विचारतात. भावोजी विचारतात, "कोर्स पुरो केलंस?" म्हणजे डॉक्टरने दिलेल्या अँटिबायोटिकच्या सगळ्या गोळ्या शेवटपर्यंत घेतल्यास की बरं वाटल्यावर मध्येच सोडल्यास? वेळ नाही, काळ नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी ऐन भरात, आणि हे नवऱ्यामुलाच्या कानाशी! पोराचा घसा आठवड्यापूर्वी धरला होता. तो दचकून मोठ्याने "नाय!" म्हणाला. पलीकडे नवरीच्या मामाचा चेहरा असा पडला की काय सांगू. त्यांची समजूत काढेपर्यंत मुहूर्त टळायचाच काय तो बाकी राहिला होता. भावोजींना त्याचं काही नाही. परत येताना गाडीत म्हणतात, "बघितलंस? नाय घेतल्यान गोळये."

एकदा माझ्या स्वयंपाकघरातल्या ओटा पुसायच्या फडक्यावर कापूस फिरवून तो त्यांनी तपासायला नेला. चार दिवसांनी, पुण्याचे पाहुणे घावणे खात बसलेले असताना, काचेची बशी घेऊन हजर. बशीत वाढवलेल्या जंतूंचे पिवळे, गुलाबी, हिरवट ठिपके उठलेले. "बघ गो, तुझ्या फडक्यार किती रांगोळी आसा!" पाहुण्यांनी घावणे तिथेच ठेवले. मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या पाया पडते, ही रांगोळी ताईच्या दारात काढा." ते दुखावले. त्यांना खरंच ती सुंदर वाटत होती हो!

बोलण्याची आणखी एक खोड. आयुष्यभर लेख लिहिल्यामुळे असेल, बोलता बोलता मध्येच बोट वर करून "तळटीप!" म्हणायचं आणि कोणाची कुठली गोष्ट कुठून आली ते सांगायचं. ताईने कुळथाची पिठी वाढली की, "तळटीप! ही पद्धत तिच्या आवशीची," म्हणजे आमच्या आईची. ताई म्हणते, "जेवा आता. तळटीप निवतेय." पण कोणाचं श्रेय कोणाला न मिळालेलं त्यांना सोसत नाही, हे मात्र खरं.

त्यांचे दोन लेख छापून आले. एक खाडीच्या पाण्यातल्या जंतूंवर. औषधाला दाद न देण्याची युक्ती एक जंतू शेजारच्या परक्या जंतूलाही कशी देऊन टाकतो, यावर. दुसरा दशावतारावर. दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. चांगलं वाक्य तो दुसऱ्या कंपनीच्या नटाकडून उचलतो आणि आपलं म्हणून फेकतो, यावर. भावोजींच्या मते हे दोन लेख नव्हेतच, एकच आहे. विद्या बापाकडून मुलाकडे जाते हा आपला गैरसमज, ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकते. त्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. कोणीतरी दोन्ही लेख लागोपाठ वाचावेत आणि म्हणावं, "होय, हे एकच आहे." सायन्सवाले म्हणाले, नाटकाचं काय ते मराठीवाल्यांना दाखवा. मराठीवाले म्हणाले, छान आहे, पण जंतू काढा. ताईने दोन्ही ऐकले होते, नारळ खवता खवता, पण बायकोचं मत भावोजी धरत नाहीत. म्हणतात, "तिका पर्याय नव्हतो."

दशावताराच्या अभ्यासासाठी ते दुपारी नट रंगायला बसत तिथे जाऊन बसायचे. त्यांतला एक संकासुर करायचा. काळा वेष घालून वेद चोरणारा आणि मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेणारा राक्षस तो. त्या नटाच्या टाचेला जखम झाली होती. भावोजींनी अर्थातच विचारलं, कोर्स पुरा केलास का?

"बरा वाटाक लागला म्हणान सोडलंय," तो रंग लावत म्हणाला. "उरलेला औषद पेटयेत जपान ठेवलंय. परत काय झाला तर कामाक येतला."

भावोजी असे काही पेटले! "अरे, तू संकासुर मां? विष्णून तुका अर्धोच मारून सोडलो तर तू काय करशीत?"

नट हजरजबाबी. "घराक जातलंय, पेज जेवतलंय. आनी भावबंदांका सांगतलंय, विष्णूचो वार खंयसून येता तो."

"मगे? जंतू दुसरा काय करतत?"

घरी येऊन ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा तळटिपेसकट: उत्तर नटाचं, प्रश्न आपला.

पुढे पर्यटकांसाठी किनाऱ्यावर संध्याकाळचा छोटा दशावतार ठेवला होता. मीही पाहुण्यांना घेऊन गेले, भावोजी पुढच्या खुर्चीत. विष्णूने गदा हाणली, संकासुर कोसळला. विष्णू वळला तसा हा एका कोपरावर उठून ओरडला, "महाराजांनू, कोर्स पुरो करा! अर्धो मारून सोडशात तर उद्या सगळ्या भावांका घेवन येतलंय!" लोक हसून हसून वाळूत लोळले. मी भावोजींकडे बघितलं. म्हटलं, आता हे बोट वर करणार आणि भर खेळात तळटीप देणार. कर्म माझं! पण त्यांनी माझा हात घट्ट धरला. "चोरल्यान गो," ते पुटपुटले. "चोरल्यान!" आणि डोळे पुसले. एवढं कौतुक त्यांचं कधी कोणी केलं नव्हतं.

त्यानंतर पावसाळा सरता सरता त्यांचा पाय कापला. खाडीचं पाणी आणायला उतरले आणि खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांची धार पोटरीला लागली. पाय सुजून भोपळा झाला, ताप चढला. पहिलं औषध लागूच पडेना. डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला, अहवालाचा कागद आला. तो वाचून भावोजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ओळखीचेच आसत गो." ज्यांच्यावर जन्मभर लिहिलं तेच पायात शिरले होते, आणि कुठल्या औषधाला ते जुमानत नाहीत हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ताई रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. भांडायला कोणी उरणार नाही असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि भांडणाची किंमत कळली.

दुसरं औषध चाललं. सूज उतरली, ताप गेला, गोळ्या अजून बाकी होत्या. भावोजी घरापुढच्या खळ्यात, अंगणात खुर्ची टाकून बसलेले, मी समोर. तेवढ्यात आमची रोजची मासेवाली पाटी उतरवून पायाकडे बघत म्हणाली, "मास्तरांनू, बरा वाटता म्हणान गोळये सोडूचे नाय हां! संकासुराक अर्धो मारलो तर तो भावांका घेवन येता."

भावोजी खुर्चीत सावरून बसले. "ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कशाक होया? ह्या सगळ्यांकाच म्हायत आसा," ती बांगडे निवडत म्हणाली. "इतके शिकलास आनी तुमका म्हायत नाय?"

माझा तोल गेला. अगो, हे ह्यांचंच वाक्य आहे, ह्यांनीच ते... मी तोंड उघडलं, तर भावोजींनी नेहमीचं ते बोट वर केलं आणि माझ्याकडे बघून हळूच हलवलं.

"तळटीप नको गो," ते म्हणाले.

मग मासेवालीला अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखं म्हणाले, "बरा झाला सांगलंस. पुरो करतंय."

आणि केला. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी त्यांनी रिकामं पाकीट मला कुंपणावरून दाखवलं. ते दोन लेख अजून कोणी लागोपाठ वाचलेले नाहीत. आता ते त्याबद्दल विचारतही नाहीत. किनाऱ्यावरची माणसं एकमेकांना गोळ्या पुऱ्या करायला सांगतात, संकासुराचं नाव घेतात, भावोजींचं कोणी घेत नाही. म्हणून ही तळटीप मी इथे लिहून ठेवलीय. त्यांना सांगू नका.