न फुटलेलं लाल अंडं

ते भांडण पोलिक्सेनीनं ऐकलं तेव्हा तिच्या हातात बेडपॅन होतं. दाराआड मोठ्या नर्सबाई डॉक्टरीणबाईंवर तडकल्या होत्या, "औषधाला न जुमानणारा तो जंतू पसरवलाय या भाड्याच्या बायांनी! एकीचं ढुंगण पुसायचं, दुसरीला घास भरवायचा, मध्ये हाताला पाणी नाही!"

"मग द्या हाकलून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि रोग्यांना कुशीवर तुम्ही वळवा. वॉर्डभर एक नर्स! नळाशी साबण तरी ठेवलात का कधी?"

भाड्याची बाई म्हणजे पोलिक्सेनीच. थेसली प्रांतातल्या त्या इस्पितळात ज्यांचं घरचं माणूस येऊ शकत नसे, ते पैसे देऊन हिला उशाशी बसवत. बोलणं जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या एप्रनच्या खिशात ऑलिव्हच्या तेलाचा हिरवा साबण आला. एका खाटेवरून दुसरीकडं जाताना मध्ये नळ. बाकीच्या बाया खिदळायच्या, "आला गं, सुभेदार पिलात आला! त्यानं ख्रिस्ताला सुळावर चढवून हात धुतले, तू कुणाला चढवलंस?"

"तुझ्या सासूला," ही म्हणायची, "पण ती कुठली मरतेय!"

पुढं तिचाच नवरा थ्रासोस ऑलिव्हच्या झाडावरून पडला, खुबा मोडला आणि त्याच वॉर्डात आला. शस्त्रक्रिया नीट झाली. ईस्टर झाला की घरी सोडू, म्हणाले.

ईस्टरला तिनं उकडून लाल रंगवलेली अंडी आणून वाटली; रिवाजाप्रमाणे एकमेकांवर ठोकायची, ज्याचं फुटेल तो हरला. शेजारच्या खाटेवरच्या बार्बा-फोटिसनं, म्हाताऱ्या फोटिसकाकानं, आपलं अंडं पुढं केलं, थ्रासोसनं आपलं. "ख्रिस्त उठला!" "खरंच उठला!" टक्. म्हाताऱ्याचं फुटलं.

"लाकडाचं रंगवून आणलंस ना, भामट्या!" बार्बा करवादला.

थ्रासोस चेकाळला. "जा गं, त्या खिडकीजवळच्याला विचार, आहे का हिंमत!"

त्याला उठता येत नव्हतं, म्हणून तेच अंडं घेऊन पोलिक्सेनी खाटेखाटेला फिरली. ज्यानं त्यानं ते हातात घेऊन चाचपलं, आपलं त्यावर ठोकलं आणि हरला. कितीतरी दिवसांनी वॉर्ड हसत होता. सणाच्या दिवशी कुणाच्या मुठीतून हात सोडवून नळाकडं धावायचं कसं? ती धावली नाही. ज्याचं अंडं शाबूत, त्याचं वर्ष सोन्याचं. थ्रासोसनं ते सोललं, मीठ लावून खाल्लं, आणि त्याच बोटांनी मांडीवरची पट्टी खाजवली.

आठवडा सरायच्या आत ताप आला. जखम चिघळली, मग विष रक्तात गेलं. एकामागून एक औषधं वाया गेली.

"पोलिक्सेनीबाई, आता एकच उरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं औषध आहे. मूत्रपिंडं खातं म्हणून अडगळीत टाकलं होतं."

"नाही दिलं तर?"

"तर हातचा जाईल."

"द्या मग. त्या मूत्रपिंडांनी आजवर घरची दारू पचवली, हेही पचवतील." आणि मग हळूच, "तो जंतू अंड्यातून आला असेल का हो?"

"अंड्यातून, नळीतून, माझ्या हातांतून... कोण सांगणार?" डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

ताप उतरला. लघवी थांबली. रक्त धुणारं यंत्र लावलं, पण त्याचं अंगच साथ देईना. एका सकाळी सगळं आटोपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मात्र रक्तातून पार गेला होता.

"म्हणजे दोघं बरोबरच गेले म्हणायचे," पोलिक्सेनी म्हणाली.

तिनं थ्रासोसचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, त्याच्यासाठी आणलेला सूपचा डबा पिशवीत टाकला. या वॉर्डात आता पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. शवपेटीवाल्याकडं निघणार, तोच बार्बा-फोटिस कण्हला. रात्रीपासून त्याला कुणी वळवलं नव्हतं.

"राहू दे पोरी," तो शरमून म्हणाला, "आज तुझ्यावर..."

"गप पडा हो बार्बा."

ती नळाशी गेली. कोपरापर्यंत साबण लावला, हात धुतले. म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी खोचली, चादर ओढली. मग परत नळाशी. साबण पुसून खिशात टाकला आणि जिना उतरू लागली.