आमी येतो तवा कुलूप

वळसंगच्या पुढच्या एका गावात, सरकारी उपकेंद्रात मी डॉक्टर म्हणून लागले. घर सोलापुरात, सात रस्त्याजवळ. सकाळच्या एसटीनं जायचं आणि मुलगी शाळेतून यायच्या आत परत यायचं, अशी घडी बसली होती. मग तालुक्याहून कळवण्यात आलं की दवाखान्याची वेळ यापुढे गावाच्या आरोग्य समितीनं ठरवायची. मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

समितीची अध्यक्ष सरपंचबाई. माझ्याच वयाची, हळू बोलणारी. तिनं शाळेच्या व्हरांड्यात बैठक लावली. पारावर बाया तोंड उघडत नाहीत, म्हणाली. मी बीपीचं मशीन घेऊन गेले होते, जमलेल्यांना तपासता येईल म्हणून. तूर काढून आलेली एक मजूर बाई उभी राहिली.

"बाई, तुमी लई चांगल्या हाव. पन तुमी हितं असता तवा आमी रानात. आमी येतो तवा कुलूप. माज्या गोळ्या कवाच संपल्या."

मी तिथंच तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून सोडला, पुन्हा बांधला. आकडा तोच, खूप चढलेला.

सरपंचबाईनं विचारलं, "मॅडम, मंगळवारी आन् शुक्रवारी सांजच्याला दवाखाना उघडा ठिवाल का?"

"मला घर आहे. लहान मुलगी आहे."

"आमालाबी हाय की," मागून कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या. माझे कान तापले.

स्टँडवरूनच मी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता ते माझ्याकडे नाही मॅडम. तुम्ही आणि गाव, बघून घ्या." गाडीत बसायला जागा होती, तरी मी दारापाशी उभीच राहिले. घरी भाजी चिरायला घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. नवरा म्हणाला, "सरळ नाही म्हणून सांग."

"कुणाला सांगू? त्या बाईला?"

दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. शेवटी सरपंचबाईच्या घरी गेले. म्हटलं, "थांबते. पण त्या वेळी परत जायला गाडी नाही." तिनं शेजारच्या टेम्पोवाल्या चाचांना हाक मारली. ते संध्याकाळी भाजी घेऊन सोलापूरला जायचे. "कायकू फिकर करते? मैं छोड़ता ना," ते म्हणाले.

पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी दवाखान्याचा ओटा भरला. पायांना माती तशीच, कुणाच्या डोक्यावर गवताचा भारा. त्या मजूर बाईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हळूहळू आकडाही उतरला.

घरी मात्र मुलगी फुगली. त्या दोन संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जेवायचं तिला आवडेना. पुढच्या बैठकीत मी हे धीर करून बोलले. वाटलं, पुन्हा हसतील. कुणी हसलं नाही. बराच वेळ आपसात बोलून त्यांनी मंगळवार सोडला. त्याऐवजी महिन्यातून एकदा, आठवडी बाजारादिवशी, मी दिवसभर थांबायचं ठरलं. शुक्रवार मात्र तसाच राहिला. मी खूप मागितला, त्यांनी दिला नाही.

अजूनही बैठक म्हटली की आदल्या रात्री मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढते. कोण उठेल, काय मागेल, सांगता येत नाही. 'वरून आदेश नाही' एवढं म्हणून पूर्वी सुटका व्हायची. आता ओढणी नीट करते आणि त्या व्हरांड्यात जाऊन बसते.